दळण, भाजी आणि पोर: काळ्या सायकलीवर घरचं ओझं

दहा किलोचं दळण, आठवड्याची भाजी आणि शाळेतून आणायचं एक पोर, एवढ्यासाठी पुढे पेटी असलेली परदेशी लांबलचक सायकल लागत नाही. दूधवाले, पाववाले ज्या काळ्या २८ इंची सायकलवर धंदा करतात, ती घरच्या कामाला पुरून उरते. मात्र दुकानातून आणली तशी ती ओझ्याला तयार नसते. आधी मागचा भाग मजबूत करून घ्यायचा.

सुरुवात मागच्या चाकापासून. या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, कारण वजन मागेच पडतं. चाक हळूहळू फिरवत एकेक स्पोक नखाने वाजवून बघा. ताणलेला टणकन वाजतो, सैल असलेला बद्द. सैल स्पोकचा भार शेजारच्यांवर जातो आणि मग तुटतो तो बऱ्याचदा शेजारचाच, हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळच्या, वाकलेल्या टोकाशी. ओझं चढवण्याआधी सायकलवाल्याकडून आऊट (स्पोक कसून चाक सरळ करणं) काढून घ्या, महिन्याभराने पुन्हा एकदा. हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याइतकी भरा. कमी हवेत खड्ड्याची कड लागली की ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. असं जोडभोक दिसलं तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका.

सायकलीबरोबर येणारं बारीक कॅरिअर शाळेच्या दप्तरापुरतं ठीक. वेल्डिंगवाल्याकडून १० एमएम सळईचं करून घ्या: दोन्ही बाजूंना दोन-दोन पाय थेट मागच्या एक्सलपर्यंत (चाकाच्या आसापर्यंत), आणि पिशव्या अडकवायला दोन्हीकडे हुक. हुक जितके मागे घेता येतील तितके घ्या. भरलेली पिशवी लावून पायडल उलटं पूर्ण फिरवा. टाच आणि पिशवी यांत चार बोटं अंतर राहिलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक फेरीला टाच कांद्यांवर आपटते. एक्सलचे नट पहिल्या आठवड्यात दोनदा पान्याने कसायचे, कारण नव्या पायांवरचा रंग दबून ते ढिले होतात.

चढ असलेल्या गावात फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं चेन बसणारं दातेरी चक्र, बदलण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. बहुतेक सायकलींना १८ दात्यांचं असतं. २० चं टाकलं तर चढावर पायाला साधारण दहा टक्के हलकं जातं आणि चाक थोडं पुढे सरकवलं की जुनीच चेन पुरते. २२ ला मात्र चेन वाढवावी लागू शकते.

या सायकलींचे वायरऐवजी लोखंडी दांडीने ओढले जाणारे ब्रेक रिमला आतल्या बाजूने लागतात. कोरड्यात काम भागतं. पावसात भिजलेल्या लोखंडी रिमवर रबर नुसतं घसरतं. म्हणून थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका लावून ठेवायचा. चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. ओझं घेऊन उतार असेल तर वरूनच हळू निघा, मध्यावर वेग आवरत नाही.

आता भरणं. साइड स्टँड विसरा, मागच्या चाकाचा डबल स्टँडच लागतो. तोही कठीण जमिनीवर. ओल्या मातीत एक पाय रुततो आणि सायकल माल घेऊन आडवी होते. पुढचा ब्रेक रबराने बांधून टाकला की पुढचं चाक घरंगळत नाही. जड वस्तू आधी आणि खाली, दोन्ही बाजूंना आलटून पालटून: एका हुकावर पाच किलो बटाटे अडकवले की लगेच दुसऱ्यावर तेवढंच काहीतरी. शेवटी हँडल सोडून बघा. स्टँडवर असताना पुढचं चाक जमिनीवरून उचललं जात असेल तर ओझं फार मागे गेलंय. असं निघालात तर हँडल हलकं होतं आणि पहिल्याच वळणावर सायकल वळवळते. जड डबा सीटला टेकवून ठेवा.

दळणाचा स्टीलचा डबा कॅरिअरवर घसरतो. त्याखाली गोणपाटाची घडी घाला आणि जुन्या ट्यूबच्या उभ्या कापलेल्या पट्टीने आवळा. सुतळी धक्क्यांनी सैल होते, ट्यूब ताण धरून राहते. पट्टीचं मोकळं टोक लोंबकळत ठेवू नका, स्पोकमध्ये गुंतेल. पीठ गिरणीतून गरम येतं, तेव्हा झाकण घट्ट लावलं तर आत घाम धरतो. कापड बांधा, झाकण घरी गेल्यावर. पाण्याचा २० लिटरचा कॅन पूर्ण भरलेला बरा, अर्धा भरलेला हिंदकळून तोल घालवतो. एकूण माल ३० किलोच्या आत ठेवा. गॅसचा सिलिंडर घरपोच येतो, त्याच्या भानगडीत पडू नका.

मुलाच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका पडण्याचा नाही, पाय स्पोकमध्ये जाण्याचा आहे. कॅरिअरवर बसलेलं पोर पेंगुळलं की घोटा आत जातो. चाकाच्या वरच्या अर्ध्या भागाला दोन्हीकडून बारीक जाळी लावा, कॅरिअरच्या पायांना तारेने पक्की बांधा आणि तारेची टोकं बाहेरून आत वळवा. ओढणी आणि साडीचा पदरही त्याच जाळीने वाचतो. पाय टेकायला पायऱ्या हव्यातच. अगदी लहान असेल तर दांडीवरची सीट, पण तिलाही पट्टा आणि पाय ठेवायला जागा पाहिजे. पुढे पोर आणि मागे पूर्ण माल, असं दोन्ही एकदम पहिल्या दिवशी नको. मोकळ्या मैदानात आधी १० किलो विटा किंवा वाळूची पिशवी लावून वळणं घ्या, थांबा, पुन्हा निघा. निघताना आणि थांबतानाच तोल जातो, चालू सायकल सरळ राहते.

चढवताना माल आधी, पोर शेवटी. उतरवताना उलट, पोर पहिलं. स्टँडवरच्या सायकलवर त्याला बसवून दुकानात एक मिनिटसुद्धा जायचं नाही.