घराला बाहेरून रंग द्यायचाय? आधी भिंत सुकलीय का बघा

पाऊस गेला की सगळ्यांनाच दिवाळीच्या आत घर रंगवून हवं असतं, पण कोकणात ऑक्टोबरमध्ये भिंत वरून कोरडी दिसते आणि आतून ओलीच असते, मग कितीही महागाचा रंग मारा, पुढच्या पावसात पोपडे सुटणारच. म्हणून शेडकार्ड नंतर.

हातभर प्लास्टिक घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्कं लावा आणि एक दिवस तसंच ठेवा. काढताना आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबा. प्लास्टर नवीन असेल तर 28 दिवस तरी जाऊ द्याच. आणि ओल येते कुठून ते शोधा, गच्चीच्या कठड्याची भेग, फुटकी पन्हळ, बाथरूमचा पाइप, जे असेल ते आधी दुरुस्त करा.

मग घासकाम, खरी मेहनत इथेच आहे. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारायचं (हातमोजे घाला), थोडा वेळ ठेवून वायर ब्रशने घासायचं, स्वच्छ धुवायचं आणि परत नीट सुकू द्यायचं. पांढरा खार फुटला असेल तर तो आधी कोरड्या ब्रशनेच झाडा, नुसतं पाणी मारलं तर खार विरघळून परत भिंतीतच मुरतो. जुन्या रंगावर बोट फिरवून बघा, भुकटी लागली तर ती सगळी खरवडून काढा.

भेगा जरा रुंद करून, धूळ झटकून बाहेरच्या कामाच्या क्रॅक फिलरने भरा. पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप) लागलीच तर व्हाईट सिमेंटवाली घ्या, ॲक्रेलिक पुट्टी घरातल्या भिंतींसाठी असते, बाहेर ती पाण्याने फुगते. पेंटर कधीकधी हीच लावायला बघतात, तेव्हा पिशवी स्वतः वाचा.

त्यावर एक हात एक्स्टिरिअर प्रायमर आणि तो सुकला की इमल्शनचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचे, दोन हात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला, रंग पुरवायला जास्त पातळ केला की तो टिकत नाही. वरून खाली या, ऊन असलेली भिंत सोडून सावलीतली धरा, तापलेल्या भिंतीवर रोलरचे पट्टे दिसतात. दुमजली घर असेल तर शिडीवर लटकत बसू नका, परांची बांधून घ्या.

उरलेला रंग डबा घट्ट बंद करून ठेवा आणि झाकणावर शेडचा नंबर लिहा, पुढे टचअपला लागतो.