बेळगावात कामाला आलात, तर निकालाचा कागद ट्रंकेत ठेवू नका

गडहिंग्लज-चंदगडकडून बेळगावात कामाला येणाऱ्या बायकांना पहिले काही महिने कन्नडची गरजच भासत नाही. गणपत गल्लीत, शहापुरात, रिक्षात मराठी चालते. खोली, रेशन, मुलांची शाळा हे शेजारणी सांगतील. मी सांगते ते पगाराच्या दाव्याचं.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी कोअर, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, बनवायचे. शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाचं काम तेच, पगार जादा. समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्याखाली तक्रार केली, ती फेटाळली गेली. निकाल कन्नडमध्ये. ‘हरलीस’ एवढं कुणीतरी सांगितलं आणि मी कागद ट्रंकेत टाकून सुगीला माहेरी गेले. अपिलाला मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ३०, त्यापुढं एकही दिवस नाही. मी अपील घेऊन गेले तो ६६ वा दिवस होता. माझा पगार कुणी बघितलाच नाही.

आता त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता हा नवा कायदा लागू आहे, तिच्यात अपिलाला ९० दिवस आहेत. म्हणून निवांत बसू नका. दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात, तो तुम्हाला कळला तेव्हापासून नाही. कागद मिळाला त्याच संध्याकाळी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडं जा. शब्द बरेचसे आपलेच आहेत: दिनांक, आदेश, अर्जीदार. ‘वजा’ दिसलं तर अर्ज फेटाळला. अपील म्हणजे ‘मेल्मनवी’. अडतं ते लिपीपाशी. निदान कन्नड आकडे शिका, तारीख तरी स्वतः वाचाल.

आपली माणसं लगेच म्हणतात, ‘मराठी म्हणून डावललं, आता काही होत नाही.’ मी ते ऐकून घरी बसले, हे मला अजून सलतं. निकालाच्या नकलेचा अर्ज कसा करायचा ते एका कन्नड कारकुनानंच मला लिहून दाखवलं.

वकील नसेल तर अपिलात सगळी कहाणी पुन्हा लिहू नका. निकालात जे चुकलंय तेवढंच धरा. माझ्या निकालात होतं, की पुरुष जड पेट्या उचलतात. हजेरीपुस्तकात पेट्या उचलणारे वेगळेच होते, आणि त्या पुस्तकाची प्रत दाव्यात जोडलेली होती. एवढं एक पान पुरलं असतं.

आणि बायकांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयात विचारा किंवा १५१०० वर फोन करा. मला हे ६६ व्या दिवसानंतर कळलं.