क्लबची गंगाजळी: किती ठेवायची, कुठे ठेवायची

सेवाभावी क्लबची बँकेत आधी खाती दोन करा. सभासदांच्या वर्गणीचं एक, लोकांच्या देणगीचं दुसरं. चहापाणी, हॉलचं भाडं, पदग्रहण समारंभ हे सगळं वर्गणीतून. देणगीतला रुपया तिकडे वळता कामा नये. पावतीवर ‘पूरमदत’ लिहून घेतलेले पैसे उरले, तरी ते देणगीदारांना विचारल्याशिवाय नेत्रशिबिरावर खर्च करू नका.

गंगाजळी, म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेली रक्कम, ठरवताना वर्षाचा एकूण खर्च धरू नका, फक्त न टळणारा धरा. शिबिर पुढे ढकलता येतं, पगार नाही. समजा खोलीचं भाडं ४,०००, रुग्णवाहिकेच्या चालकाचा पगार १२,००० आणि विमा-दुरुस्तीचा वाटा ३,०००, म्हणजे महिन्याला १९,०००. सहा महिन्यांचे १,१४,००० रुपये बाजूला हवेत. सहाच का? वर्गणी जुलैत मागितली जाते, पण आपल्याकडे बाजारात पैसा खेळतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर. पेरणीपासून दिवाळीपर्यंत व्यापारी सभासदांचाही हात आखडलेला असतो.

आता सगळ्यात मोठी चूक. दोन-तीन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून ही रक्कम पतसंस्थेत टाकली जाते. मराठवाड्यात पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांचे काय हाल होतात, ते आपण पाहिलं आहे. बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. शिवाय क्लबचा नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट) असेल, तर त्याचा पैसा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली) बँक, पोस्ट, सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो. पतसंस्था त्यात बसत नाही. एक लाखाची एकच एफडी करण्यापेक्षा पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार करा, मुदती तीन-तीन महिन्यांच्या फरकाने. अडचणीला एकच मोडावी लागते. एफडी क्लबच्याच नावावर हवी, कोषाध्यक्षाच्या नाही.

करसवलत घेणाऱ्या न्यासाने उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च करायचे असतात. जास्त शिल्लक साठवायची तर कारण लिहून मुदतीत फॉर्म भरा, नाहीतर त्यावर कर बसतो.

क्लबचं वर्ष ३० जूनला संपतं, हिशेबाचं ३१ मार्चला. मधले तीन महिने जुन्या-नव्या कोषाध्यक्षांत हरवतात, म्हणून ३० जूनच्या शिलकीवर दोघांच्या सह्या घ्या. विश्वस्त बदलले असतील तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. बँकेतल्या सह्या ठरावाची प्रत देऊन लगेच बदला. त्यात उशीर झाला की सही केलेले कोरे चेक फिरू लागतात. हस्तांतरात मूळ एफडी पावत्या, पासबुकं आणि न वापरलेली पावतीपुस्तकं क्रमांकासह मोजून घ्या.