तालमीत आलेल्या नव्या पोराला कसं खेळवावं

चैत्रातल्या यात्रांची मैदानं बघितली की सांगली-साताऱ्याकडच्या पोरांना कुस्तीचं वारं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तालमी भरतात आणि शाळा सुरू झाल्या की त्यातली बरीच गळतात. त्यांना वस्ताद घालवत नाहीत. घालवतो आपण, दोन-चार वर्षं माती अंगाला लागलेले.

मीही एकाला घालवलंय. सतरा वर्षांचा असेन. तिसऱ्याच दिवशी समोर उभ्या राहिलेल्या पोराला मी ढाक लावली, म्हणजे उचलून टाकलं. बघणारे "वाह रं!" म्हणाले. पोरगं मानेवर आलं, आठवडाभर मान वळली नाही, आणि परत काही तालमीत दिसलं नाही. वस्ताद मला एवढंच म्हणाले, "तुला खेळवायला दिलं होतं, पाडायला न्हाई."

पहिल्या दिवशी लढत नको. चपला कुठं काढायच्या, मारुतीला नमस्कार करून हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, कसं उतरायचं, हे दाखवा. लंगोट बांधायला बाजूला नेऊन शिकवा, चारचौघांत हसू करू नका. नखं कापलीत का, हातात कडं किंवा अंगठी आहे का, ते बघा. दमा, फिट, जुनं ऑपरेशन, मोडलेलं हाड याबद्दल आपण होऊन विचारा, कारण घरून निघताना बहुतेकांनी ते लपवायचं ठरवलेलं असतं. माती उकरायला फावडं त्याच्या हातात जरूर द्या, पण दुसरं फावडं तुमच्या हातात पाहिजे. नवा म्हणजे फुकटचा मालिशवाला नव्हे.

मेहनतीत जुन्यांची खोड अशी, की पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची मजा बघायची. ही मजा महागात पडू शकते. सवय नसताना अति ताण दिला तर स्नायू फुटून त्याचा त्रास मूत्रपिंडाला होतो. लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. सुरुवात २०-२५ बैठका आणि जमतील तेवढ्या जोरांनी करा. वाढ हळूहळू होऊ द्या.

मग पडायला शिकवा. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, आणि पडताना हात मागं टेकवायचा नाही; मनगट आणि कोपर तिथंच जातात. आधी उकिडवं बसून, मग गुडघ्यावरून, शेवटी उभ्यानं.

आता खरं काम, खेळवण्याचं. त्याला एकच डाव द्या, समजा एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडणं, आणि आठ दिवस तोच घोटून घ्या. तुमची ताकद रुपयातली चार आणे लावा, पण फुकट पडू नका. तो चुकीचा शिरला तरी तुम्ही कोसळलात, तर चूकच त्याच्या अंगवळणी पडते. त्याचं डोकं खाली लोंबत असेल, पाठ वाकली असेल, तर जागचे हलू नका. डोकं वर, छाती मांडीला चिकटलेली आणि पकड गुडघ्यामागं बसली, की पडा. हे पडणं भल्याभल्यांना जमत नाही, कारण कडेला चार जण बघत असतात. ढाक, कलाजंग, धोबीपछाड असले उचलून टाकायचे डाव नव्यावर नकोत. मान आवळायची नाही. त्यानं 'सोड' म्हणून हातानं थाप मारली की त्याच क्षणी सोडा. आणि लाजेनं तो थाप मारणार नाही, म्हणून त्याच्या श्वासाकडं तुमचंच लक्ष पाहिजे.

कान सुजला तर "आता पैलवान झालास" म्हणून पाठ थोपटू नका. आत रक्त साकळलेलं असतं. एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून काढून घेतलं तर कान वाचतो. गजकर्णाचा चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत लढत बंद, मग तो नवा असो की तुम्ही.

आता मुलीही येतात. २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. नव्या मुलीला शक्यतो जुन्या मुलीची जोड द्या, आणि "पोरगी आहे" म्हणून डाव अर्धवट शिकवू नका.

ज्याला हे सगळं बाष्कळ वाटतं, त्यानं आयुष्यभर मातीत लढून पहिल्यांदा गादीवर, म्हणजे मॅटवर, उतरावं. पाय कसा टाकायचा इथपासून शंका येते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांनाही गादीची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक.

महिना-दोन महिन्यांत एक दिवस असा येतो, की तुम्ही अंग चोरलेलं नसतं आणि तरी पोरगं पट काढून तुम्हाला खाली बसवतं. उठून माती झटकायच्या आधी त्याला सांगा, की हा पट मी दिलेला नव्हता.