व्हेरिएबल नक्की कोणाचं? या चुका टाळा

दादरला शनिवार-रविवार जावा आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषा शिकवतो. व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून बनलेली वस्तू; ती जागा साच्याची की वस्तूची, इथेच घोळ होतो. बॅच बदलते, चुका त्याच.

डोक्यात जाणारी आधी. जावात मेनमधून (प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथून) क्लासमधलं नॉन-स्टॅटिक, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टचं वेगळं, व्हेरिएबल थेट वापरलं की कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा) अडवतो: नॉन-स्टॅटिक गोष्ट स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येणार नाही. अर्थ सरळ आहे, आधी ऑब्जेक्ट बनव. पोरं काय करतात? व्हेरिएबलच्या आधी स्टॅटिक चिकटवतात, म्हणजे ते सगळ्या ऑब्जेक्टांत मिळून एकच होतं. लाल रेघ गेली, काम फत्ते! पुढच्या आठवड्यात दोन ऑब्जेक्ट बनवतात, दुसऱ्याचा आकडा पहिल्यातही दिसतो आणि मग, "सर, जावा गंडलंय." अरे, 1995 पासून चालतंय ते, तुझ्या असाइनमेंटसाठी कशाला गंडेल?

अर्थात, हसायचा हक्क मला फारसा नाही. एका सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांसाठी मी पायथनमध्ये फ्लॅट नावाचा क्लास लिहिला होता. क्लासच्या अंगातच थकबाकी नावाची रिकामी लिस्ट ठेवली आणि मेथडमधून (क्लासमधल्या फंक्शनमधून) सेल्फ डॉट थकबाकीत अपेंड करत, म्हणजे शेवटी भर घालत राहिलो. सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. घरी एकाच फ्लॅटवर तपासलं, चोख. सेक्रेटरी काकांसमोर अठ्ठावीस फ्लॅट चढवले, तर आयुष्यात एक महिना न चुकवलेल्या काकूंच्या बिलावर अख्ख्या बिल्डिंगची बाकी! काका म्हणाले, "चाळ सोडून फ्लॅटमध्ये आलो, तरी नळ कॉमनच ठेवलास की रे."

बरोबर बोलले. क्लासच्या अंगातली लिस्ट एकदाच बनते आणि सगळे ऑब्जेक्ट तीच भरतात. प्रत्येकाला आपली हवी असेल तर ती इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये), सेल्फ लावून बनवायची. फसवणूक अशी, की लिस्टऐवजी शून्य ठेवून सेल्फवर अधिक-बरोबर (+=) केलं असतं तर सगळं नीट चाललं असतं, कारण तिथे बेरीज होऊन नवा आकडा त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नावाखाली जातो. अपेंड मात्र जुन्याच लिस्टमध्ये भर घालतं. त्या दिवसापासून मी एका ऑब्जेक्टवर काहीच तपासत नाही. दोन बनवतो, एकाला हात लावतो, दुसरा छापून बघतो.

पायथनमध्ये फंक्शनच्या डिफॉल्टमध्ये (किंमत दिली नाही तर वापरायच्या किमतीत) रिकामी लिस्ट देणंही याच जातीचं. तिथे None, म्हणजे 'काहीच नाही', द्या.

जावाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) 'नेम बरोबर नेम' लिहिणारेही भेटतात. पॅरामीटरचं (बाहेरून आलेल्या किमतीचं) नाव फील्डच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलच्या, नावाला झाकतं, त्यामुळे पॅरामीटर स्वतःलाच स्वतःची किंमत देतो आणि फील्ड नलच (रिकामंच) राहतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही. डावीकडे धिस डॉट (this., म्हणजे 'या ऑब्जेक्टचं') लावा. मी तर बदलणार नाही ते प्रत्येक फील्ड फायनल (एकदाच किंमत मिळणारं) करतो, म्हणजे ही चूक कंपाइल होतानाच पकडली जाते. "टायपिंग वाढतं" ही तक्रार मी ऐकून घेत नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये फील्डच्या नावाआधी पुन्हा इंट (पूर्णांकाचा प्रकार) लिहू नका. ते नवं लोकल, म्हणजे फक्त तिथल्यापुरतं, व्हेरिएबल होतं.

जावात फील्डला आपोआप शून्य, फॉल्स किंवा नल मिळतं, लोकलला काहीच मिळत नाही.

फॉर लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) बनवलेला मोजणीचा आय जावात लूपबरोबर संपतो. पायथनमध्ये तो मागे उरतो आणि दहा ओळींनंतर भलत्याच ठिकाणी भेटतो.