आमदाराची न्यायविषयक कामगिरी कशी तपासावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील २० विधानसभा मतदारसंघांपैकी ७ अनुसूचित जमातींसाठी, तर भुसावळ हा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मात्र मतदारसंघ राखीव असणे आणि तेथील आमदाराने जातीय अत्याचार, पोलीस तपास किंवा न्यायालयीन विलंब यांवर काम केलेले असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आमदाराने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, यापासून शोध सुरू करण्यात फारसा अर्थ नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कोणी काय मत दिले याची नावानिशी नोंद राहत नाही, आणि मतविभाजन (मते मोजून घेतलेले मतदान) झालेच तरी पक्षादेशापुढे वैयक्तिक मताला जागा उरत नाही.

निवडणुकीच्या वेळचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यातील प्रलंबित गुन्ह्यांची कलमे अवश्य वाचावीत; आंदोलनातील जमावबंदीचा भंग आणि मारहाण यांना एकाच मापाने मोजू नये.

त्यानंतर विधानसभेतील तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या) आणि कार्यवाही, म्हणजे सभागृहातील बोलण्याची अधिकृत नोंद, पाहावी. त्यासाठी एखादी ठळक घटना निवडणे सोपे जाते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले आणि अवघ्या तीन दिवसांनी नागपुरात पावसाळी अधिवेशन सुरू झाले. त्या अधिवेशनात आणि पुढच्या अधिवेशनांत हा विषय कोणी मांडला, मदतीच्या घोषणेपलीकडे भटक्यांच्या सुरक्षिततेबद्दल काय विचारले, हे कार्यवाहीतून तपासता येते. आपला आमदार तेव्हा सभागृहात नसेल, तर त्याच्या कार्यकाळातील घटना घ्यावी. घटना ताजी असताना बोलणारे पुष्कळ असतात. वर्षभराने खटल्याची प्रगती विचारणाऱ्याला अधिक गुण द्यावेत.

सर्वांत बोलकी नोंद मात्र मुंबई-नागपुरात नसून जिल्हाधिकारी कार्यालयात असते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधील नियम १७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते, जिल्ह्यातील आमदार तिचे सदस्य असतात आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. म्हणजे तीन वर्षांत १२ बैठका अपेक्षित आहेत. सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करून या बैठकांच्या नोटिसा, उपस्थितीपत्रके आणि इतिवृत्ते (बैठकीतील चर्चेच्या लेखी नोंदी) मागावीत. अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा. शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

इतिवृत्त हाती आल्यावर केवळ सह्या मोजून थांबू नये. आमदार स्वतः आले की प्रतिनिधी पाठवला, ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झालेल्या प्रकरणांची कारणे त्यांनी विचारली का, जातीच्या दाखल्याअभावी अडलेल्या पीडितांच्या अर्थसाहाय्याचा पाठपुरावा केला का आणि आरोपी निर्दोष सुटलेल्या खटल्यांत अपिलाचा आग्रह धरला का, हे पाहावे. बैठकच झाली नसेल तर पहिला दोष प्रशासनाचा. तरीही बैठक घ्या असे पत्र आमदाराने दिले होते का, ते त्याच अर्जात आधीच विचारून ठेवावे. अशी पत्रे नसणे हीसुद्धा माहितीच आहे.

आमदार मंत्री असेल तर मोजमाप बदलावे लागते, कारण मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. त्याच्याबाबत दिलेली आश्वासने आणि त्यांनंतर निघालेले शासन निर्णय जुळवून पाहावेत. मंत्रिपदाबाहेरील सदस्यांसाठी विधिमंडळाच्या अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि विमुक्त जाती-भटक्या जमाती कल्याण समित्यांचे अहवाल उपयोगी पडतात. पीडितांच्या घरी दिलेल्या भेटींची छायाचित्रे मात्र या हिशेबात धरू नयेत. त्या भेटीनंतर पोलीस अधीक्षकांना लेखी काही गेले असेल, तर तेवढाच कागद धरावा.