ऑनलाइन समुपदेशन घेताना या चुका टाळा

कोणतेही ऑनलाइन सत्र सुरू करताना मी दोन प्रश्न विचारते: आपण या क्षणी नेमक्या कोणत्या पत्त्यावर आहात, आणि आपला आवाज ऐकू जाईल इतक्या अंतरावर आणखी कोणी आहे का? पहिला प्रश्न अनेकांना उलटतपासणीसारखा वाटतो. परंतु बोलता बोलता कोणी आत्महत्येचा विचार उघड केला किंवा कोणाला भोवळ आली, तर मदत कोठे पाठवायची हे पडद्याकडे पाहून कळत नाही. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण ‘कोणी नाही’ असे झटकन सांगून टाकतात, आणि निम्मे घोटाळे तेथूनच सुरू होतात.

हा दुसरा प्रश्न मी एका फजितीनंतर विचारू लागले. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तो प्रसंग सांगते. कामाचा ताण आणि झोप न लागणे या तक्रारी घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या. सलग चार सत्रे त्या ‘ठीक आहे’, ‘तसे काही नाही’ एवढेच बोलत राहिल्या. बोलण्यात उत्साह नाही आणि नजर सतत एका बाजूला वळते, यावरून मी मनाशी नैराश्याचा अंदाज बांधला, त्यानुसार प्रश्न विचारले आणि घरी करण्यासाठी नोंदीही सुचवल्या. पाचव्या सत्रात त्यांनी खुर्ची थोडी सरकवली, तेव्हा मागच्या कपाटाच्या काचेत मला आणखी एक व्यक्ती बसलेली दिसली. ते त्यांचे पती होते, आणि पहिल्या दिवसापासून तेथेच बसत होते. त्यांच्या मते ते मदत करत होते. पत्नीला एखादी गोष्ट आठवली नाही तर ती सांगायला कोणीतरी जवळ हवे, एवढाच त्यांचा हेतू होता. तो हेतू मी खोटा मानत नाही. तरीही चार सत्रे पाण्यात गेली, आणि माझा अंदाजही साफ चुकला, कारण ज्या ताणाविषयी त्यांना बोलायचे होते त्याचा मोठा भाग त्याच खोलीत बसलेला होता.

तेव्हापासून मी हा प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असा विचारते, कारण शेजारी कोणी असेल तर त्याचे नाव उच्चारणेसुद्धा अवघड जाते. पहिल्याच भेटीत आम्ही एक साधा शब्द ठरवतो. तो कानावर पडताच मी विषय बदलते. हेडफोन वापराच, पण त्यामुळे फक्त माझा आवाज झाकला जातो, तुमचा नाही, हे लक्षात असू द्या. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवल्यास बरीच सोय होते. घरात एकांत मिळत नसेल, तर उभ्या असलेल्या गाडीत बसून बोललात तरी माझी हरकत नाही. गाडी चालवत मन मोकळे करू पाहणाऱ्यांचे सत्र मात्र मी तत्क्षणी थांबवते, आणि त्याबद्दल कोणी रागावले तरी मला वाईट वाटत नाही. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर ती गोष्ट आधी एकट्याने भेटून सांगावी. अशा घरात जोडप्याचे एकत्र सत्र घेणे धोक्याचे ठरते, कारण सत्रात जे बोलले जाते त्याचा हिशेब कॅमेरा बंद झाल्यावर मागितला जातो.

जोडप्यांच्या बाबतीत माझा सर्वांत जुना राग एका सवयीवर आहे. सत्राच्या आदल्या रात्री दोघेही मला स्वतंत्रपणे लांबलचक संदेश पाठवतात, सोबत एकमेकांच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडतात, आणि शेवटी ‘हे त्याला सांगू नका’ किंवा ‘तिला कळू देऊ नका’ अशी विनंती करतात. एका जोडप्याने तर भांडणांची तारीखवार नोंद करून तिची प्रत मला पाठवली होती. कोण किती वाजता काय बोलले, हे सर्व तीत होते, फक्त दोघांना एकमेकांकडून काय हवे आहे ते कोठेच नव्हते. अमेरिकन मनोचिकित्सक मरे बोवेन यांनी कुटुंबातील त्रिकोणाची कल्पना मांडली: दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला त्यात ओढले जाते, आणि मूळ दोघांमधला प्रश्न तसाच राहतो. समुपदेशकाला पंच केले की नेमके हेच घडते. शिवाय एकाचे गुपित माझ्याकडे आले की दुसऱ्यासमोर मी मोकळेपणाने बसू शकत नाही. म्हणून वेळ ठरवण्यापलीकडचा कोणताही संदेश मी एकत्र सत्रात मोठ्याने वाचून दाखवते, आणि हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवते. सगळे समुपदेशक असे करतात असे नाही. आपला समुपदेशक गुपितांच्या बाबतीत काय करतो, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

याच प्रकारातली दुसरी खोड म्हणजे भांडण रंगात आले की लाल बटण दाबून निघून जाणे. दालनातून उठून जाणाऱ्याला निदान दारापर्यंत चालावे लागते. येथे एका बोटाचे काम असते. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनानुसार वादात हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरच्याचे म्हणणे नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटे लागतात. तेव्हा थांबायचे असेल तर थांबा, पण परत केव्हा येणार ते सांगून थांबा. त्या वेळात मनातल्या मनात पुढचे उत्तर घोटत बसू नका, नाहीतर ठोके खाली येणार नाहीत.

दोन सत्रांत फरक पडला नाही म्हणून समुपदेशक बदलणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. 1986 मध्ये मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी मानसोपचारांच्या केलेल्या विश्लेषणात आठव्या सत्रापर्यंत सुमारे निम्म्या लोकांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा आढळली, आणि तीन चतुर्थांशांपर्यंत पोहोचायला साधारण 26 सत्रे लागली. उतावळ्या माणसाने हे आकडे वाचून निराश होण्याऐवजी तिसऱ्या सत्रात सरळ विचारावे की आपण कशासाठी काम करत आहोत आणि ते कसे करणार आहोत. उत्तर गुळमुळीत आले, तर खुशाल बदला.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. समुपदेशकाचे शिक्षण आणि, जेथे नोंदणी लागते तेथे, नोंदणी न तपासता केवळ चांगला फोटो पाहून वेळ घेऊ नका. औषधांचा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा असतो. समुपदेशकाच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. चोरून ध्वनिमुद्रण करू नका. पडद्यावर स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट लपवून ठेवा, अन्यथा पाऊण तास आपण आपलेच केस पाहत राहता. मुलांना साक्षीदार म्हणून कॅमेऱ्यासमोर ओढून आणू नका. संगणकाशी गप्पा मारून मन हलके होते हे मला मान्य आहे, पण त्यालाच समुपदेशन समजू नका. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 मध्ये जगासमोर आणलेल्या ‘एलिझा’ या संवाद साधणाऱ्या साध्या प्रोग्रॅमलाही लोक मन उघडून सांगत असत, आणि त्याचा धसका स्वतः वायझेनबाम यांनाच बसला होता. जीव धोक्यात असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता तातडीच्या सेवेला फोन करा.

आणि महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवू नका. ‘जाता जाता एक सांगायचे होते’ हे वाक्य ऐकले की मी घड्याळाकडे पाहते, कारण खरे सत्र तेथून सुरू होणार असते आणि पुढची व्यक्ती प्रतीक्षा-कक्षात येऊन थांबलेली असते. अलीकडे मी दहाव्या मिनिटालाच विचारते, ‘जाता जाता काय सांगणार होतात?’